मामांचा चौकोनी फोटो

माझे सासरे एकदा वारले, ते फक्त मेमरीत जागा व्हावी म्हणून.

मामा, म्हणजे माझे सासरे किसनराव, पंचक्रोशीतले नावाजलेले भजनी. घरी त्यांच्या मंडळाच्या कॅसेटांची ट्रंकच आहे. मी सेलूत कॉम्प्युटरचा क्लास चालवतो. लग्नाला अकरा वर्षं झाली, पण मला कॉम्प्युटर कळतो हे मामांनी एकदाही कबूल केलेलं नाही. कुणी विचारलं तर सांगतात, "पावणे पोरांना टायपिंग शिकवतेत." त्यामुळे मामांनी जेव्हा ती ट्रंक माझ्या हवाली केली आणि "जमलं तर मोबाइलमधी घाला," म्हणाले, तेव्हा मी मनाशी ठरवलं, आता या माणसाच्या तोंडून शाबासकी काढायचीच.

चार महिने खपून दोनशे बारा गाणी कॉम्प्युटरवर घेतली. नुसती गाणी नाहीत, प्रत्येकाला फोटो लावला. गाणं लागलं की पडद्यावर मामा! फोटो गावातल्या सत्काराचा होता. मामांच्या गळ्यात हार, कपाळाला गंध, खांद्यावर शाल, शेजारी नारळ देणारे सरपंच आणि मागं मोठा फलक. मी खूश होतो. तेवढ्यात माझ्या मेहुण्याचा, बालाजीचा फोन आला. (मामांना घरात सगळे 'दादा' म्हणतात.) मामांच्या गावाच्या वाटेवर, देवगाव फाट्यावर त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे.

"दाजी, दादाच्या मोबाइलमधी गाणे बसंनात. मेमरी फुल दाखवायलंय."

तपासलं तर घोळ फोटोचा निघाला. तो होता चार एमबीचा, आणि प्रत्येक गाण्याच्या पोटात त्याची एकेक प्रत जाऊन बसली होती. दोनशे बारा वेळा तेच सरपंच, तोच नारळ. आठशेच्या वर एमबी नुसते सत्कारातच चालले होते. (क्लासमध्ये मी पोरांना 'फाइल लहान ठेवा' म्हणून ओरडत असतो.)

मग मी शास्त्रशुद्ध पद्धतीनं बसलो. सगळ्या गाण्यांतले फोटो काढून टाकले आणि फोल्डरमध्ये सगळ्यांना मिळून एकच ठेवला. फोटो चौकोनी लागतो, म्हणून कापला. सरपंच गेले, नारळ गेला, शाल गेली, फलक गेला. राहिले मामा, गंध आणि हार. रंग काढला तर जागा आणखी वाचते, म्हणून काळा-पांढरा केला. अल्बमचं नाव म्हणून मामांचं नाव लिहिलं आणि खाली पहिली कॅसेट भरली ते साल, मध्ये आडवी रेघ, आणि पुढं यंदाचं साल. मामा फोटोत हसत नाहीत, तो काही माझा दोष नाही. एवढं करून पेन ड्राइव्ह बालाजीकडे पाठवून दिला.

बालाजीनं तो सकाळी दुकानातल्या मोठ्या टीव्हीला लावला. टीव्हीचं तोंड रस्त्याकडे, आणि बालाजी त्याच्या मागं बसून मोबाइल खोलत असतो. त्याला टीव्हीची फक्त पाठ दिसते. फाट्यावर एसटीची वाट बघणाऱ्यांना मात्र सगळं दिसलं. हार घातलेला काळा-पांढरा फोटो, खाली दोन सालं, आणि मागं मामांच्याच आवाजात संथ अभंग. लोकांनी टोप्या काढल्या. आत जाऊन पोराला विचारायचं कुणाला धाडस होईना. "सुन्न झालंय बिचारं, दुकान उघडून बसलंय," असं म्हणत ते हळहळत उभे राहिले.

साडेनऊला माझ्या चुलत सासऱ्यांचा फोन आला. "पावणे, मंगलला घेऊन या. तसं काई न्हाई, दादाची तब्येत जरा... तुमी या. घाई करू नका, पर लगेच निघा."

आमच्याकडे मेल्याचं कुणी फोनवर सांगत नाही. तब्येत जरा, एवढंच सांगतात, आणि ऐकणारा समजून घेतो. मंगलनं, म्हणजे माझ्या बायकोनं, माझं तोंड बघितलं आणि हंबरडा फोडला. रडत रडतच तिनं आईला फोन लावला.

"आई, दादा कुठायत?"

"कालच पालमला गेलेत भजनाला. येतेत आज. काहून गं?"

"बरे हायेत ना?"

"चांगले ठणठणीत हायेत की."

मंगलनं फोन ठेवला. "आईला अजून सांगितलंच न्हाई कुणी."

मग बालाजीला लावला. तो म्हणाला, "ताई, काहून रडायलीस? दादाला काई झालं न्हाई."

"मला धीर द्यायलाय," मंगल म्हणाली आणि आणखी जोरात रडू लागली. मी स्वतः मामांचा नंबर फिरवला. बंद. (भजनाला बसताना ते फोन बंद करून पिशवीत टाकतात आणि दोन-दोन दिवस विसरतात. हे मला अकरा वर्षांपासून माहीत आहे.) "आता बंदच असणार," मी म्हणालो, आणि मलाही रडू आवरेना.

बाजारातून हार घेतला, जावयानं न्यायचं पांढरं कापड घेतलं आणि शेजाऱ्याच्या जीपमधून फाटा गाठला. दुकानासमोर पन्नास-साठ माणसं होती. समोर पडदाभर मामा. मी जो कोसळलो तो सरळ टीव्हीच्या पायथ्याशी. "मामा, एकदा तरी म्हणायचं होतं हो, जावयाला कॉम्प्युटर कळतो म्हणून!" हे मी साठ माणसांसमोर, टाहो फोडून म्हणालो.

मागं दोन म्हातारे बोलत होते.

"वय लय कमी लिवलंय."

"शाळेच्या दाखल्यावरचं आसंल."

अभंग संपला आणि गवळण लागली, चांगली ढोलकीवरची. लोक त्यावरही हळहळत माना हलवत होते. गाणं बदललं तरी फोटो बदलला नाही, आणि माझ्या डोक्यात काहीतरी हललं. डोळे पुसून नीट बघितलं. डाव्या कोपऱ्यात एक अंगठा होता. सरपंचांचा. कापताना तेवढा राहून गेला होता.

मला सगळं कळलं. आता उठून खरं सांगायचं की रडत राहायचं, एवढाच प्रश्न होता. मी थोडा वेळ रडत राहिलो.

तेवढ्यात एसटी थांबली आणि मामा उतरले. काखेत टाळांची पिशवी. मामांना चष्म्याशिवाय लांबचं दिसत नाही. गर्दी बघून त्यांनी टोपी काढली, हात जोडले आणि पुढच्या म्हाताऱ्याला हळूच विचारलं, "कोण वारलं हो?"

"किसनराव," तो वळून न बघताच म्हणाला. "भजनवाले."

"आरारा," मामा म्हणाले. मग थोडं थांबून, "आपल्या गावचे?"

म्हातारा वळला आणि मटकन खाली बसला. मंगलनं धावत जाऊन वडलांना मिठी मारली. इतका वेळ मागं बसलेला बालाजी शेवटी पुढं आला, टीव्ही बघितला आणि माझ्याकडे बोट करून म्हणाला, "दाजीनं केलंय."

मी कबूल केलं. चार एमबीचा फोटो, दोनशे बारा प्रती, चौकोन, रंग, सगळं सांगितलं. मामांनी चष्मा लावून पडद्यावर स्वतःला बराच वेळ न्याहाळलं.

"म्हंजे हे सगळं जागेपायी?"

"हो मामा. आठशे एमबी वाचले."

मामांनी चष्मा काढून खिशात ठेवला. मला तर वाटलं, जावईपण संपलं आता. तेवढ्यात चुलत सासरे मध्ये पडले. "दादा, काई म्हना, पर पावणे लय रडले. सख्खं पोरगं रडनार न्हाई तसं."

"खरं का?" मामांनी माझे सुजलेले डोळे जवळ येऊन बघितले. मग अकरा वर्षांत पहिल्यांदा माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि साठ माणसांना ऐकू जाईल असं म्हणाले, "पावण्याला एक काम चांगलं जमतंय."

तेव्हापासून सासुरवाडीच्या भावकीत कुणी वारलं की पहिला फोन मला येतो, आणि पुढं बसायला जागाही राखून ठेवतात. कॉम्प्युटरचं काही असलं तर बालाजीला विचारतात.