जावईबापूंच्या टायरमधली हवा

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. एकदा मी सुरू झालो की मध्ये खी-खी चालायची नाही. एवढी वर्षं हे तोंडातून काढलं नाही ते याच कारणानं. म्हातारा आपल्या मूर्खपणाचं सांगायला लागला की लोकांना फार गोड लागतं!

तर ऐका. मी माझ्या एकुलत्या एक जावयाला स्वतःच्या हातानं मारायला निघालो होतो.

दुश्मनीनं नाही हो! काळजीनं. दुश्मन परवडला. आपण काय करतोय हे त्याला निदान माहीत तरी असतं.

नव्वद सालानंतरची गोष्ट. मी तेव्हा सुरतेत, बमरोलीला. खानदेशातून आलो तेव्हा तीन बुकं शिकलेलो, चौथं आजवर उघडलं नाही. पण लूमच्या कारखान्यात जॉबर होतो, मागांचा मिस्त्री! बिघडलेला लूम माझ्या नुसत्या खाकरण्यानं चालू व्हायचा, असं कारागीर म्हणायचे. ताण्याच्या सुतावर तळहात ठेवला की सांगायचो, इथं ढिलं आहे, इथं तुटणार. ढिलं ते तुटणार, ताठ ते टिकणार. माझी सगळी विद्या ही एवढीच, आणि याच विद्येनं माझा घात केला.

जावई प्रकाशराव पांडेसऱ्याच्या एका डाइंग मिलमध्ये फिटर. घरात बसला तर शेजाऱ्याला कळणार नाही असा गरीब माणूस. पण मोटरसायकलवर बसला की अंगात यायचं त्याच्या! तेव्हा हजीऱ्याकडे एक नवा रस्ता झाला होता, अजून चालू व्हायचा होता. तिथं एका रविवारी हौशी पोरांनी गाड्यांची शर्यत ठेवली. पोलिसांची परवानगी, दोरी बांधलेली, सगळं रीतसर. आणि आमच्या जावयानं नाव दिलं.

माझी संगीता तेव्हा सातव्या महिन्यात. माहेरी आलेली. शनिवारी सकाळी माझ्यासमोर बसून ढसाढसा रडली.

"आप्पा, तुम्ही त्यांच्यासोबत जा. त्यांना धडधाकट घरी आणा."

"अगं, तू सांग ना त्याला, जाऊ नको म्हणून."

"मी बोलले तर म्हणतात, तुझा माझ्यावर भरवसा नाही. तुम्ही बोला ना."

मी बोलू? जावयाला? आमच्याकडे जावयाच्या जेवणात मीठ कमी पडलं तर सासऱ्यानं जीव द्यावा, आणि जावयाच्या गाडीत खोट काढायची? तोही मला उलटून बोलायचा नाही कधी. "मामा, मामा" करत मान खाली. आम्हा दोघांचं सगळं बोलणं म्हणजे "बसा" आणि "जेवा". लग्नाला दोन वर्षं झाली होती, यापुढे गाडी गेली नव्हती.

"मी जातो बरोबर," मी म्हणालो. "माझा शब्द."

 

शनिवारी दुपारी जावईबापू जेवायला आले. गाडी दारात लावली. जेवण झालं, ते आत जरा आडवे झाले. मी बाहेर येऊन गाडीभोवती एक फेरी मारली. सहज टायरवर अंगठा दाबला.

अंगठा आत गेला!

अरे देवा. पिकलेली पपई सुद्धा एवढी मऊ नसते. पुढचं दाबलं, तेच. मागच्या टायरच्या दोन्ही कडा तर कानस मारल्यासारख्या खरवडलेल्या. हे टायर म्हणायचं की माझी टाच? आणि यावर बसून हा माणूस उद्या वाऱ्यासारखा पळणार? ढिलं ते तुटणार! माझ्या डोळ्यासमोर संगीताचं तोंड आलं.

आता तुम्ही म्हणाल, आत जाऊन विचारायचं सरळ. कसं विचारणार? "जावईबापू, तुम्हाला गाडीतलं कळत नाही" असं? उठवून?

मी गाडी ढकलत कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्या भय्याकडे नेली.

"कितनी डालूं, चाचा?"

"ठोकून भर. टेम्पोमध्ये भरतोस तशी."

"फटेगी, चाचा."

"मग फाटायच्या जरा आधी थांब!"

भरली. तळहातानं ठोकून पाहिलं. वा! ढोलकी! गाडी जागच्या जागी लावली आणि पारावर बसल्यासारखा ओट्यावर बसलो.

संध्याकाळी चहा घेऊन जावईबापू गाडीपाशी गेले. खिशातून हवा मोजायची पेनासारखी एक नळी काढून टायरला लावली, पाहिली, आणि कपाळाला आठ्या. माझ्याकडे वळले.

"मामा, दुपारी गाडीपाशी कोणी आलं होतं?"

खोटं बोलायचं माझ्या मनात नव्हतं, आईशप्पथ. पण जीभ आधी पळाली. "नाही बुवा. का हो?"

"काही नाही."

तेवढ्यात म्हातारीनं, आमच्या बायकोनं, मला आतून हाक मारली, मी गेलो. परत आलो, अंगठा दाबला.

पपई!

 पंक्चर असलं तरी एवढी हवा अशी पाच मिनिटांत गुपचूप जाते का? म्हणजे कोणीतरी सोडतंय! आणि जावयाला त्याचा वास लागलाय, म्हणून तर विचारलं त्यानं! आणि कोण, तेही मला लगेच सुचलं. पलीकडच्या सोसायटीतला तो जिग्नेश. तोही शर्यतीत होता. आमच्या जावयाचा दोस्त म्हणवायचा, संध्याकाळी येऊन गाडीपाशी उकिडवा बसला होता, "मस्त टायर छे" म्हणाला होता. दुसऱ्याच्या टायरला मस्त म्हणणारा माणूस मला कधीच पटला नाही.

रविवारी सकाळी टेम्पोत गाडी घालून निघालो. संगीता दारात. तिनं नुसतं माझ्याकडे पाहिलं. ते बघणं असं होतं की शिव्या परवडल्या. माझ्या पिशवीत वर भाकरी, ठेचा. खाली भय्याकडून मागून आणलेला हातपंप, फडक्यात गुंडाळून.

म्हातारीनं पिशवी उचलून पाहिली होती. "एवढं जड काय शे? काय करी राह्यनात तुमी?"

"कांदे आहेत," मी म्हणालो.

हजीऱ्याला वीस-पंचवीस गाड्या. धूर, आवाज, पोरी-पोरांची गर्दी. रस्ता लांबलचक, शेवटी एक वळण, तिथून पलीकडच्या रस्त्यानं परत, पुन्हा वळण. वळणाच्या बाजूला गवताचे भारे रचलेले. ते भारे कशाला, मी एकाला विचारलं. "पडला तर लागू नये म्हणून, काका." विचारलं नसतं तर बरं झालं असतं.

जावईबापू नाव लिहायला गेले. मी पिशवी उघडली, भाकरी बाजूला, पंप बाहेर. मागचं टायर, पुढचं टायर. पन्नाशी उलटलेली माझी, छाती भात्यासारखी वरखाली. पण ढोलकी वाजेपर्यंत सोडलं नाही.

पंप पिशवीत. मी धोतराच्या सोग्यानं घाम पुसतोय तोच ते आले. नळी लावली. चेहरा काळा.

"मामा," ते हळूच म्हणाले, "कोणीतरी आपल्या टायरच्या हवेशी खेळतंय."

"मलाही तोच संशय आहे," मी म्हणालो.

दोन वर्षांत आमचं पहिल्यांदा एकमत झालं!

"कालपासून चाललंय."

"दुपारपासून!"

"कोण असेल?"

मी जिग्नेशकडे मान केली. जावयानं डोळे मोठे केले. "नाही हो मामा, तो तसा नाही." भोळा माणूस. मला कीव आली त्याची.

मग त्यांनी मला सांगितलं, "पाण्याची बाटली आणता का तेवढी टेम्पोतून?" मी आणली. परत आलो, दाबलं. पपई! दोन मिनिटांत! जिग्नेश चार पावलांवर उभा, दात काढत. आता काय बोलायचं?

तेवढ्यात कोणीतरी शिट्टी मारली. शर्यतीआधी सगळ्यांनी एक फेरी नुसती मारून घ्यायची होती. जावईबापू हेल्मेट आणायला गेले, जाताना म्हणाले, "मामा, इथून हलू नका. गाडीला कोणाचा हात लागता कामा नये."

चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या! पण चोराला कुठं माहीत होतं तो चोर आहे? ते येईपर्यंत मी दोन्ही टायरं दगड करून ठेवली. घाईत त्यांनी नळी लावली नाही, बसले, गेले.

मी दोरीपाशी उभा. गाड्या वळणाकडे गेल्या, दिसेनाशा झाल्या. मला आवाज तेवढा कळत होता. लूममध्ये तीस वर्षं काढलेला कान आहे हा, शंभर लूमच्या खडखडाटात एक बिघडलेला ओळखतो. त्या सगळ्या घोंगावण्यात जावयाच्या गाडीचा आवाज एकदम वर चढला, तिरपा झाला, आणि बंद पडला.

बंद!

 मी संगीताला काय सांगणार? सातवा महिना! मी देवाला म्हणालो, टायर माझ्या अंगावरून ने, पण त्याला उठव. गाड्या एकेक परत आल्या, दहा, पंधरा. सगळ्यांत शेवटी आमचा माणूस. पांढराफटक. पॅन्ट गुडघ्यावर फाटलेली, बुटाचा तळ घासलेला.

"मागचं चाक घसरलं वळणावर," ते म्हणाले. "गवतानं वाचवलं."

पाहिलंत? मी सांगत होतो! ढिलं टायर! मी भरूनही त्या हरामखोरानं पुन्हा हवा काढली! जावई पाणी प्यायला वळले. अंगठा दाबून पाहायचंही सुचलं नाही, लाज सोडली मी. भरदिवसा, चारचौघांत पिशवीतून पंप काढला, मागच्या चाकाशी बसलो आणि भरायला लागलो.

आणि त्याच वेळी एक हात पुढून टायरवर आला. जिग्नेशचा!

धरला! मनगट असं धरलं की त्याचं घड्याळ थांबलं असेल.

"चोर! जावयाचा जीव घेतोस? धरा याला!"

"काका, शुं करो छो? छोडो!"

"हवा सोडतोस? कालपासून सोडतोस!"

माणसं जमली. एक पोलीस काठी आपटत आला. जावईबापू धावत आले. मी म्हणालो, "सापडला! रंगे हाथ!"

जिग्नेशनं मोकळ्या हातानं नुसतं बोट दाखवलं. माझ्या काखेतल्या पंपाकडे.

"प्रकाशभाई, हवा तो आ काका ज भरे छे!"

 पंपाच्या नळीतून तेवढा फुस्स असा आवाज आला. त्यालाही हीच वेळ सापडली.

जावयानं पंपाकडे पाहिलं. टायरकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं.

"मामा... काल दुपारी पण तुम्ही?"

"पण ते सोडत कोण होतं?" मी ओरडलो.

"मी," जावईबापू म्हणाले.

ऐका. अख्खा दिवस मी भरतोय, हा काढतोय, आणि दोघं मिळून तिसऱ्याला शोधतोय! सासरा विचारणार नाही, जावई सांगणार नाही. रीत म्हणजे रीत!

जिग्नेशनं मनगट चोळत मला टायर दाखवलं. रस्त्याची धूळ दोन्ही कडांना तशीच बसलेली, मध्ये एक बारीक पट्टी फक्त घासून काळी झालेली. "एवढ्याशावर उभी होती गाडी, काका." जावयानं समजावलं, तेही मान खाली घालूनच. "मामा, तापीच्या घाटावर शेवाळावरून चालताना तुम्ही तळवा टेकून चालता, का टाचा उचलून बोटांवर?"

"तळवा टेकून. मूर्ख आहे का मी?"

 पोलीस खोकला.

"हवा कमी असली की टायर तसं पसरतं. पळालं की तापून अजून फुगतं, म्हणून आधीच कमी ठेवायची. कडा खरवडल्या म्हणजे वळणावर धरलंय त्यानं. तुम्ही बोटांवर उभं केलंत त्याला."

म्हणजे वळणावर माझा जावई गवतात गेला तो माझ्या हातानं. संगीताला दिलेला शब्द मी पिशवीत पंप घालून पाळायला निघालो होतो! मी पंप खाली टाकला. मी म्हणालो, "जावईबापू, घरी चला. माझ्यासाठी."

दोन वर्षांत मी त्याच्याकडे मागितलेली ती पहिली गोष्ट. तो चाकापाशी उकिडवा बसला. मग हवा मोजायची नळी माझ्या हातात दिली.

"तुम्हीच सोडा मामा. पंचवीसवर आली की सांगतो. मग बघा, पडतो का."

मी सोडली. दोन्ही टायरांची. एवढ्या जपून मी कधी बाळाचा लंगोट बदलला नव्हता. शर्यतीत तो पाचवा आला. मी एकही फेरी पाहिली नाही, डोळे मिटून आवाज ऐकत होतो. प्रत्येक वळणावर आवाज वाकला आणि सरळ झाला. जिग्नेश दुसरा आला, मनगटाला रुमाल बांधून. येताना टेम्पोत माझी भाकरी त्यालाच जास्त दिली. ठेचाही. पाणी मागायला लागला तेव्हा मला जरा बरं वाटलं.

दारात संगीता. नवऱ्याला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं, फाटका गुडघा पाहिला, आणि माझ्या गळ्यात पडली. "आप्पा, तुम्ही होतात म्हणून!"

मी तोंड उघडलं, पण जावईबापूंनी उघडू दिलं नाही. "हो तर," ते म्हणाले, "मामांनी कालपासून टायरवरची नजर हलवली नाही."

त्या माणसानं आजतागायत तिला सांगितलेलं नाही. तेव्हापासून आम्ही "बसा-जेवा"च्या पुढे बोलायला लागलो. मान मोठा देतो मला. आजही मी त्याच्या घरी गेलो की आधी वाकून माझ्या पाया पडतो, पाणी देतो, खुर्ची देतो.

आणि मग बाहेर जाऊन गाडी घरात घेतो आणि दाराला कडी लावतो.