गोळ्या कुणाच्या

मी जुन्नरच्या दवाखान्यात नर्स होते तेव्हा राजुरीचा एक बागायतदार मूल होत नाही म्हणून बायकोला घेऊन आला होता. कडक इस्त्रीचा सदरा, अंगठा सारखा मिशीवर. डॉक्टरांपुढं मात्र अंगठा मिशीवरनं खाली आला. साखर वाढल्यानं पुरुषाला असा त्रास होतो, गोळ्या घ्या, असं त्यांनी नीट समजावलं. त्यानं मान हलवून गोळ्यांची पुडी बायकोकडं दिली.

बाहेर बाकावर त्याची आई बसली होती. तिला पाहताच गडी ताठ झाला. "हिच्यातच दोष हाय, आई. दुसरी करावी लागंल."

बायकोनं पुडी सासूच्या हातात ठेवली. "आत्याबाई, ह्या गोळ्या तुमच्या लेकाच्या. आजार त्यांचाच हाय, डॉक्टरांना इचारा."

तो गाडी बघायच्या निमित्तानं सटकला. सुईला भिऊन रडणारी पोरं मी रोज बघायचे, पण एवढा भित्रा माणूस पुन्हा बघितला नाही.