चुन्याची निवळी

परब सर गेल्याचं शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कळलं. जोडलेले हात भराभर येऊ लागले. मीही तेच टाकलं आणि फोन उलटा ठेवला. शोकसभेत त्यांच्या शिस्तीबद्दल बोललो. बोलायचं ते राहूनच गेलं...

घाटकोपरच्या शाळेत आम्ही दोघं रसायनशास्त्र शिकवायचो. ते मालवणकडचे, माझ्याहून मोठे. माध्यमिक शाळांतलं रसायनशास्त्र सुधारायची देशभरची योजना आली, तिच्यातून पेटीभर साहित्य मिळालं. ते संपल्यावर मी प्रयोग फळ्यावर काढू लागलो. परब सर मात्र कोपऱ्यावरच्या पानवाल्याकडून चुना आणून निवळी करायचे. मुलांनी नळीतून फुंकलं की ती दुधाळ व्हायची. "दिसलो मां श्वास?" सर विचारायचे. उपनगरातल्या शिक्षकांना प्रशिक्षण द्यायला त्यांचं नाव जवळजवळ ठरलं होतं. फक्त योजनेचे लोक त्यांचा तास बघायला यायचे बाकी होते.

आदल्या संध्याकाळी, टेबलं नीट दिसावीत म्हणून, मी निवळी पसरट भांड्यांत ओतून ठेवली. उघडीच. सकाळी तिच्यावर साय धरली होती. रात्रभर हवा लागून निवळी वाया गेली, हे मला कळत होतं. मी साय चमच्यानं काढली आणि गप्प राहिलो. घाबरलो म्हणून, असं इतकी वर्षं स्वतःला सांगत आलो. खरं सांगू? त्यांचं एकदा तरी चुकावं, असं मला वाटत होतं.

मुलं फुंकत राहिली. गाल फुगले, कान लाल झाले, पाणी तसंच. पाहुण्यांनी कारण विचारलं, तेव्हा मीच म्हणालो, "सर पानवाल्याचा चुना वापरतात ना."

"म्हणजे परबांनी आम्हालाच चुना लावला!" त्यांच्यातले एक साहेब म्हणाले. सगळे हसले. मीही.

पाहुणे गेल्यावर सरांनी विचारलं, "कुलकर्ण्या, निवळी कधी ओतलंस रे?"

"सकाळीच, सर."

त्यांना काय कळायचं राहिलं असेल! "बरां," म्हणाले आणि भांडी विसळायला लागले.

प्रशिक्षण द्यायला त्यांच्याऐवजी मी गेलो. मालाड, दिंडोशी... त्यांचेच प्रयोग दाखवून टाळ्या घेतल्या. त्यांनी चुना पुन्हा कधी आणला नाही.

त्यानंतर त्यांना एक सवय लागली. मी प्रयोगशाळेतून निघालो की ते आत जायचे आणि प्रत्येक बाटलीचं बूच अंगठ्यानं दाबून बघायचे. ते निवृत्त झाल्यापासून निघताना मीच बुचं दाबतो. हल्ली मग दाराशी जरा थांबतो... माझ्यामागून कोणी आत जात नाही.