मॅडम सांगतील तसं

त्या बाईंना मीच कामावर घेतलं, हे आधी सांगून टाकते. नंतर कोणी मला तेच ऐकवायला नको.

नाशिकला अंबडच्या एमआयडीसीत आमचा छोटा कारखाना आहे. ट्रॅक्टरमागे लावून द्राक्षबागेत औषध फवारायचे ब्लोअर आम्ही बनवतो. मशीन आमचे हे बघतात, परदेशाचा पत्रव्यवहार माझ्याकडे. मागे आफ्रिकेतल्या एका मोठ्या शहरातून चौकशी आली. शहराचं नाव लिहीत नाही. तिथल्या लोकांनी पुढे आम्हाला चांगली ऑर्डर दिली, उगाच बदनामी नको. पण गिऱ्हाइकानेच बजावलं होतं, की बाहेरून आलेल्या व्यापाऱ्यांना इथे पळवून नेतात, परवानाधारक अंगरक्षक घेतल्याशिवाय येऊ नका.

आपल्याकडे अंगरक्षक म्हटलं की सफारी घातलेला, पुढाऱ्याची बॅग धरून चालणारा माणूस डोळ्यांसमोर येतो. ह्यांनाही तसाच हवा होता, फोटोत बरा दिसणारा. मी तिथल्या कंपन्यांना मेल केले. परवाना मागितला, हत्याराची परवानगी कोणाच्या नावावर आहे ते विचारलं. एका कंपनीने सगळं नीट कळवलं आणि एका बाईंची माहिती पाठवली. वय चाळिशीचं, आधी पोलिसात होत्या. पुरुष नाही का, असं मी फोनवर विचारलं. तर तिथला माणूस म्हणाला, बाई बरोबर असली की अंगरक्षक आहे हे कोणाच्या लक्षातच येत नाही, लोकांना ती साहेबांची बायको वाटते. ते काही मला आवडलं नाही. पण परवाना चोख होता, म्हणून होकार कळवला.

जाणार हे एकटेच होते. निघायच्या आधी ह्यांच्या मित्रमंडळाने आमच्या चौकात फ्लेक्स लावला. हात जोडलेला ह्यांचा फोटो, मागे विमान, परदेश दौऱ्यानिमित्त हार्दिक शुभेच्छा, आणि खाली शहराचं नाव, जाण्यायेण्याच्या तारखा. तोच फोटो सगळ्या ग्रुपवर. मी रोज म्हणत होते, अहो, तो काढायला सांगा. उत्तर ठरलेलं, पोरांनी प्रेमाने लावलाय, त्यांचं मन कसं मोडू?

मग त्या बाईंचा व्हिडिओ कॉल आला. मी मुद्दामच फ्लेक्सचा विषय काढला, फोटो दाखवला. त्या आवाज न चढवता एवढंच म्हणाल्या, की हा आजच्या आज काढा, ग्रुपवरूनही काढा. हे म्हणाले, "येस मॅडम." संध्याकाळी तीच पोरं शिडी घेऊन आली आणि हसतखेळत फ्लेक्स उतरवून घेऊन गेली. कोणाचं मन मोडलेलं दिसलं नाही. मी बाल्कनीतून बघत होते. मला हवं होतं तेच झालं होतं, आणि माझ्या अंगाचा तिळपापड होत होता.

तिकडून रोज फोन यायचा, आणि फोनभर मॅडम. मॅडम म्हणाल्या म्हणून अंधार पडायच्या आत खोलीत. मॅडम म्हणाल्या म्हणून बाहेरचं जेवण बंद. घरी मी फिरायला चला म्हटलं की ह्यांचा गुडघा धरतो. तिथे मॅडमनी लिफ्ट नको म्हटलं, तर हे मुकाट्याने जिना चढायला लागले. मी विचारलं, गुडघा कसा आहे? म्हणाले, कुठला गुडघा?

एके दिवशी गिऱ्हाइकाकडे जाताना बाईंनी अर्ध्या वाटेत गाडी वळवायला लावली. कारण सांगितलं नाही, आणि ह्यांनी विचारलं नाही. नंतर कळलं, पुढे त्या रस्त्यावर बंदूकवाले गाड्या अडवत होते. हे ऐकून मी आधी देवापुढे दिवा लावला. त्या बाईंचे पाय धरावेत असं वाटत होतं. आणि खोटं कशाला बोलू, त्याच वेळी त्यांचा जळजळीत हेवाही वाटत होता. ह्यांच्या जिवाची काळजी मी इतकी वर्षं करतेय. पण पिकतं तिथे विकत नाही म्हणतात, ते उगाच नाही.

हे सुखरूप परत आले, ऑर्डर घेऊन आले. त्याच आठवड्यात आम्ही गाडीने नाशिक रोडला एका लग्नाला निघालो होतो. द्वारका चौकातल्या सिग्नलला गाडी थांबली. ह्यांनी सीटबेल्ट लावलेला नव्हता. तिकडे तर मागच्या सीटवरसुद्धा लावून बसत होते, स्वतःच कौतुकाने सांगितलेलं. मी लावा म्हटलं. म्हणाले, इथल्या इथे तर जायचंय.

तेव्हा मात्र मी विचारलंच. "त्यांचं सगळं ऐकलंत. माझं का ऐकत नाही?"

ह्यांनी अगदी सरळ उत्तर दिलं, जराही कुजकेपणा नव्हता त्यात. "त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, ऐकलं नाही तर मी काम सोडून जाईन. तू थोडीच जाणार आहेस?"

सिग्नल लालच होता. मी दार उघडून खाली उतरले. लग्नातली साडी, हातात आहेराचं पाकीट, आणि चारी बाजूंनी गाड्या. हे म्हणाले, अगं, काय करतेस, बस आत. मी म्हटलं, आधी बेल्ट. मागच्या रिक्षावाल्याने हॉर्न द्यायला सुरुवात केली. शेवटी ह्यांनी बेल्ट ओढून लावला, मी आत बसले आणि गाडी निघाली.

त्या बाईंना मात्र एकदाही उतरावं लागलं नव्हतं.