मायचा अठरा फुटांचा रॅम्प

मी सरकारी इमारतींचे रॅम्प तपासतो, आणि माझ्याच घरातून माझ्या मायला बाहेर पडता येत नव्हतं.

खुब्याचं हाड मोडल्यापासून माय चाकाच्या खुर्चीत. तिचा एकच ध्यास, बुद्धपौर्णिमेला विहारात जाऊन वंदनेला पहिल्या रांगेत बसायचं. अकोल्यातलं आमचं घर, ओटा दीड फूट उंच. मिस्त्री म्हणाला, "साहेब, चार फुटात उतार काढून देतो."

"बिलकुल नाही! एक फूट उंचीले बारा फूट लांबी. नियम म्हणजे नियम!"

म्हणजे अठरा फूट! त्यात गुलाब गेले, स्कूटरची जागा गेली. जुन्या पायऱ्याही मी मोठ्या तोऱ्यात फोडायला लावल्या. बायको म्हणाली, "रॅम्प बांधून राह्यले का विमान उतरवता?" मी लक्ष दिलं नाही (तज्ज्ञ माणूस घरच्यांचं ऐकत नसतो). रॅम्प मात्र झकास झाला. रुंद, मोकळा, दिवसभर लख्ख उन्हात!

पौर्णिमेच्या सकाळी पांढरं लुगडं नेसलेल्या मायला दारात आणलं, तर रॅम्पच दिसेना! वरपासून खालपर्यंत प्लास्टिक अंथरलेलं, अन् त्यावर गव्हाच्या चिकाच्या ओल्या कुरोड्या. अख्ख्या गल्लीच्या!

"हे काय लावलं?" मी ओरडलो.

शेजारच्या शांताबाई हातातला साचा न सोडता म्हणाल्या, "वरडता काहून भाऊ? तुमच्या मायनंच सांगतलं. ऊन हाये, गच्चीवर चढाचं काम नाही."

"माय! तुले विहारात जाचं हाये ना?"

"मले काय मालूम, त्या आजच घालतीन म्हणून!"

"मंग उचला सगळं!"

"खबरदार!" ही मायच. "ओल्या हायेत. एका कुरोडीले हात लावून पाह्य!"

शेवटी शांताबाईंनी गल्लीतल्या चार बाप्यांना हाका मारल्या. त्यांनी मायला खुर्चीसकट ओट्याच्या दुसऱ्या बाजूनं अलगद खाली घेतलं. माय लहान पोरीसारखी हसत होती. "अवं, वरातच काढली ना माही!" गल्लीतल्या बायकांचा, पांढऱ्या लुगड्यांचा घोळका खुर्ची ढकलत विहाराकडे निघाला. मला फार बरं वाटलं. मीही चपला शोधू लागलो.

तेवढ्यात माय मागं वळून म्हणाली, "तू कुठी चालला? थांब तिथंच. कावळे हाकल."

काठी घेऊन बसलो. ऑफिसात माझं कोणी ऐकत नाही, हे मला ठाऊक होतं. कावळेही ऐकत नाहीत, हे त्या दिवशी कळलं!