गढीवरचा हार्ड रॉक

पहार तीन फुटांवर ठण्ण वाजली. हातभर सरकून पुन्हा मारली. पुन्हा ठण्ण. मी वहीत लिहिलं, ‘हार्ड रॉक’, खाली सही केली आणि गढी उतरलो.

चौऱ्याहत्तर साल असेल. मानोऱ्याकडचं एक गाव. तेव्हा वाशीम जिल्हा नव्हता, आम्ही अकोल्याच्या हाताखाली. मी पाणीपुरवठ्यात ज्युनिअर इंजिनिअर. बाप दुसऱ्याच्या शेतात राबला, मी बी.ई. झालो. आमच्या अख्ख्या वस्तीत पहिला. हे कुणी विचारलं नाही तरी मी सांगायचो.

गावामागे टेकडी, तिच्यावर जुनी गढी, म्हणजे छोटा किल्लाच. दोन बुरूज उभे, बाकी पांढऱ्या मातीचे ढीग. तिथं टाकी बांधायची होती. टाकी उंचावर असली की पाणी आपल्या वजनानं नळात उतरतं. पण भरलेल्या टाकीचं वजन पन्नास टन. म्हणून नियमानं आधी ट्रायल पिट घ्यायचा, म्हणजे माणूसभर खड्डा खणून जमीन डोळ्यांनी पाहायची. ऊन फार होतं. मी पहारीवर भागवलं.

रिपोर्ट मंजूर झाला. लेआउट द्यायला, म्हणजे पायाच्या रेषा चुन्यानं आखायला, पुन्हा वर गेलो. सोबत सरपंच दादासाहेब. ते गढीची कथा सांगत होते.

“एका राती बांधली, सायेब. अन् आतून भुयार हाये. थेट कारंज्याले निंघते.”

“कोणी गेलंय त्यातून?”

“जाईन कोन? सोन्यावर नाग बसला हाये!”

मागून कुणीतरी हसलं. एक म्हातारी टोपल्यात पांढरी माती भरत होती. इकडे धाब्याची घरं, वर मातीचं सपाट छत. पावसाळ्याआधी त्यावर गढीची माती अंथरतात, मग छत गळत नाही. म्हातारीचं नाव गयाबाई. टेकडीच्या पायथ्याला बौद्धांची वस्ती, तिथली.

माझ्या चुन्याच्या रेषेकडे बघत ती म्हणाली, “कायले आखून राह्यला, बापा?”

“टाकी होणार इथं, मावशी. खाली पक्का दगड आहे.”

“दगड नाही, ते झाकन हाये. पेवाचं.”

पेव म्हणजे जमिनीतलं धान्याचं कोठार. तोंड अरुंद, पोट मोठं, वर शिळा, तिच्यावर माती. वेढा पडला तर गढीनं यावर जगायचं.

दादासाहेब वैतागले. “तिले काय समजते, सायेब? तुमी आखा.”

“उतरनारे आमी, अन् समजते तुमाले?” गयाबाईनं टोपलं खाली ठेवलं. “माह्या सासऱ्याचा आजा दाने काढाले पेवात उतरे. त्याचा भाऊ आतच मरून राह्यला. सात पेवं हायेत. सासूनं मले एकेक दाखवलं, म्हने, माती खनजो, पन इथं पाय नोको देऊ.” मग माझ्याकडे वळून म्हणाली, “टाकी पडली त कोनावर पडन? खाली आमचीच घरं हायेत.”

मी कड्याशी जाऊन वाकून पाहिलं. खरंच, सरळ खाली तिचंच धाबं होतं.

मजुरांना माती काढायला लावली. तासाभरात घडीव शिळा उघडी पडली. चार फूट लांब. माझा हार्ड रॉक. ती सरकवली तर कुबट वास आला. मी वाकून पाहणार, तेवढ्यात गयाबाई ओरडली, “मांगं हो! आंदी कंदील सोड!”

दोरीला कंदील बांधून सोडला. पाच-सहा हातांवर विझला. पुन्हा पेटवून सोडला, पुन्हा विझला.

“कंदील इझला त मानूस बी इझते,” ती म्हणाली.

कॉलेजात आम्ही हे ‘फाउल एअर’, म्हणजे कोंडलेली विषारी हवा, म्हणून पाठ केलं होतं.

पेव दोन दिवस उघडं ठेवलं. तिसऱ्या दिवशी कंदील तळापर्यंत जळत गेला. वरून टेप सोडला, चौदा फूट भरलं. बादलीत काळी पडलेली ज्वारी आली. भिंतीत पाय टेकवायला खोबणी कोरलेल्या होत्या, कडा झिजून गुळगुळीत. मी बराच वेळ त्याच बघत बसलो. मग गयाबाईनं उरलेली सहा दाखवली. चार माझ्या चुन्याच्या आत.

ऑफिसात डेप्युटी इंजिनिअर साहेबांसमोर उभा राहिलो.

“रिपोर्टवर सही कुणाची?”

“माझी, सर.”

“ट्रायल पिट?”

“घेतला नव्हता. पहार वाजली म्हणून…”

“देवळातली घंटाही वाजते. तिच्यावर बांधू टाकी?”

लेखी मेमो मिळाला. जागा बदलून टेकडीच्या मागच्या उतारावर घेतली. तिथं सहा फुटांचा पिट खणला आणि या वेळी मी स्वतः आत उतरलो. पाया पेलेल असा अस्सल मुरूम होता. उंची थोडी कमी झाली, त्यामुळे दादासाहेबांच्या माडीवर नळाचं पाणी चढलं नाही. ते माझ्याशी शेवटपर्यंत बोलले नाहीत. वस्तीत मात्र पहिल्या दिवशी पाणी जोरात आलं.

नव्या रिपोर्टात ‘माहितीचा आधार’ असा एक रकाना होता. मी कच्च्या प्रतीत पेन्सिलीनं लिहिलं, ‘गयाबाई, शेतमजूर’. साहेबांनी ते खोडून ‘लोकल इन्क्वायरी’ केलं. पक्क्या प्रतीवर मी तशीच सही केली. पहिली चूक मेमोनं दुरुस्त झाली. ही फाईलमध्ये तशीच आहे.

पुढे माझ्या हाताखाली जे ज्युनिअर आले, त्यांना एकच सांगत आलो. साइटवर गेलात की पहार गाडीत ठेवा. आधी विचारा, इथं माती कोण खणतं. आणि त्याचं नाव लिहून घ्या, पेननं.