पान रिंतीची हाक

रेगेग शाळेत पहिल्यांदा लक्षात आला तो त्याच्या आवाजामुळे; खरं तर आवाज नव्हता म्हणून. चौथीच्या वर्गात सकाळचं गाणं चाललं होतं. सगळी मुलं तोंड भरून गात होती आणि शेवटच्या रांगेतला एक काटकुळा मुलगा नुसते ओठ हलवत होता. गुरुजींनी त्याला पुढे बोलावलं. त्याने तोंड उघडलं आणि आतून वाळल्या झावळीची खरखर बाहेर आली.

वर्ग खिदळला. "गुरुजी, त्याचा घसा पाखरांनी खाल्लाय!"

तो रागावला नाही. खिडकीतून खाली उताराकडे बघत राहिला. त्या महिन्यात भात दुधावर आलं होतं आणि उजाडल्यापासून शाळेची घंटा होईपर्यंत तो बापाच्या शेतावर पाखरं राखत होता.

बातुकारू डोंगराच्या अंगाखाली असलेल्या उमासारी गावात तेव्हा तो सगळा उतार भाताचा होता. वरच्या खाचरातून खालच्या खाचरात पाणी उतरायचं आणि लावणी सगळ्यांची एकाच वेळी व्हायची. दिवस गावाचं पाणी वाटून देणारी पाणी-मंडळी ठरवायची. मनोल्यांचे, त्या इवल्या दाणे टिपणाऱ्या पाखरांचे, थवे आले की वरचा माणूस हाक घालायचा, ती खालचा उचलायचा, मग पाटापलीकडचा. पाखरं एका शेतातून उठायची ती दुसऱ्यात बसायची, तिथूनही उठायची. सगळ्यांचं थोडं थोडं खायची आणि कोणाचंच फार जायचं नाही. डोळे मिटून बसलं तरी कोणाची हाक कुठून आली ते गावात कोणीही सांगितलं असतं.

रेगेगची हाक लांब होती. "हुऽऽर्रा हो!" मधे जराशी थांबायची आणि मग उंच चढायची. पाटापलीकडून तिला एक बारीक, टोकदार उत्तर यायचं. भात उंच वाढलेलं असल्यामुळे उत्तर देणारी मुलगी त्याला दिसायची नाही. दोन हंगाम त्याने नुसता तिचा आवाज ऐकला. तिसऱ्या वर्षी कापणीत समोरासमोर आले तेव्हा म्हणे तो एवढंच बोलला, "तुझा आवाज मोठा आहे, तू केवढीशी!" ती म्हणाली, "आणि तू दिसतोस बरा, ओरडतोस मात्र रेड्यासारखा." तिचं नाव केर्नी. पुढे त्यांचं लग्न झालं, रिंती झाली, आणि गावाच्या रीतीप्रमाणे दोघांची स्वतःची नावं मागे पडली. तो पान रिंती झाला, ती मेन रिंती. रिंतीचा बाप, रिंतीची आई.

आज त्या घरात रिंती नाही आणि मेन रिंतीही नाही. रिंती लग्न करून सुलावेसी बेटावर गेली. तिच्या सासरची माणसं फार वर्षांपूर्वी इथूनच तिकडे जाऊन जंगल तोडून भात पिकवायला लागलेली. मेन रिंतीला जाऊनही आता बरीच वर्षं झाली. लेकीच्या नावाने हाक मारली की पान रिंती वळून बघतो, एवढंच काय ते लेकीचं घरात उरलं आहे.

उतार बदलायला लागला तो त्याच्या पुतण्यामुळे. निदान पान रिंतीला तसं वाटतं. आर्दाना हा भावाचा मुलगा, देखणा, तोंडाचा गोड, जमिनीची दलाली करणारा. तो मोटारसायकलच्या मागे एकेका गोऱ्या साहेबाला बसवून आणायचा, बांधावर उभा करायचा आणि हात पसरून सगळं हिरवं दाखवायचा. जमीन विकायची नव्हती, तीस वर्षांच्या करारावर द्यायची होती. लोक कसे नाही म्हणतील? कोणाला देवळासमोरचा दरवाजा नवा हवा होता, कोणाला पोराला जहाजावर नोकरीला पाठवायचं होतं. एकेक करून खाचरं भरली गेली आणि त्यांच्यावर व्हिला उभ्या राहिल्या. गवताची छपरं, निळ्या पाण्याचे हौद. प्रत्येकीची गच्ची पान रिंतीच्या शेताकडे तोंड करून.

"काका, आता तुम्ही एकटेच राहिलात," आर्दाना ओसरीवर कॉफी पीत म्हणायचा. "कोणासाठी धरून ठेवलंय? रिंती तर परक्या घरची झाली. उद्या हे माझ्याकडेच यायचं."

"यायचं ना? मग घाई कसली? मला मरू तरी दे."

"तसं नाही हो काका!"

"तसंच आहे. साखर घे अजून, तोंड आणखी गोड होईल."

आर्दाना हसायचा. तो वाईट नव्हता. काकाच्या औषधांचं तोच बघायचा.

पान रिंतीने शेत धरून ठेवलं होतं ते कोठारासाठी. अंगणातल्या भाताच्या कोठारात वरच्या फळीवर भाताची आई बसते: आपल्याच शेतातल्या पहिल्या लोंब्यांची बांधलेली, कमरेला कापड गुंडाळलेली एक पेंढी. दर कापणीला नवी बसते आणि जुनी शेतात परत जाते. बियाणंही तिच्याच शेजारच्या लोंब्यांचं. त्याचं बियाणं आजोबांच्या वेळचं होतं, लाल, उंच, उशिरा पिकणारं. दोन पिकं चुकली तर ते उगवत नाही, हे त्याला ठाऊक होतं. आणि एक पीक आजारपणात चुकलंच होतं.

"आई बाजारात तयार मिळते," आर्दानाने एकदा सांगून पाहिलं. "छान रंगीत, चेहऱ्यासकट."

"तुझी आई बाजारातून आणली होती का?" पान रिंती म्हणाला. तो विषय तिथेच मिटला.

त्या वर्षी पाणी-मंडळीच्या बैठकीला तो देवळात गेला तेव्हा तिथे मंडळीचा प्रमुख पान कोंदरी एकटाच पंचा अंथरून बसलेला. त्यानेही आपलं शेत करारावर दिलं होतं; पद तेवढं अजून त्याच्याकडे होतं.

"सगळे आले का?" पान रिंतीने विचारलं.

"तू आलास म्हणजे आले," पान कोंदरी म्हणाला. "पाणी सगळं तुझंच आहे बाबा. हवं तेव्हा लाव."

"हवं तेव्हा कसं? दिवस सांगा."

पान कोंदरीने बोटांवर मोजत पंचांग पाहिलं आणि दिवस सांगितला. उदबत्ती लावून दोघांनी पाटाच्या देवाला पानाची टोपली ठेवली, आणलेला भात खाल्ला आणि घरी गेले. पान रिंतीने सांगितलेल्या दिवशीच लावणी केली. सगळा उतार लावत असल्यासारखी.

चूक तीच झाली. पण तिला चूक म्हणणारं तरी कोण होतं? भात छान आलं, छातीला लागलं, निसवलं. लोंब्यांत दूध भरलं आणि मनोल्या आल्या. पूर्वी अख्ख्या उतारावर वाटल्या जायच्या त्या सगळ्या आता एका शेतात उतरल्या. उठायच्या आणि बसायला दुसरं शेतच नसल्यामुळे एक चक्कर मारून तिथेच परत यायच्या. त्याने बांबूच्या फिरक्या लावल्या, दोरीला डबे बांधले, बुजगावण्याला स्वतःचा सदरा घातला. उजाडल्यापासून खोपीत बसून दोरी ओढायची, हाक घालायची. "हुऽऽर्रा हो!" मधे थांबायची त्याची सवय गेली नव्हती. त्या थांबलेल्या जागेत आता हौदाच्या पंपाची घरघर ऐकू यायची.

व्हिलांची व्यवस्था बघणारी रेत्नो नावाची बाई एका सकाळी बांधावर आली. जावा बेटावरची, तरणी, वागायला फार अदबीची. तिने चपला काढून हातात घेतल्या होत्या.

"काका, रागावू नका. पाहुणे उशिरापर्यंत झोपतात."

"मग झोपू देत की. मी कुठे उठवायला जातोय?"

"तुमच्या हाकेने उठतात ना." तिलाच हसू आलं. मग तिने मालकांचं म्हणणं सांगितलं. शेत तुमचंच राहू दे. करार नको, काही नको. भात लावत जा, वर्षभर हिरवं ठेवा, आम्ही दर महिन्याला पगार देऊ. पीक आलं, न आलं, तुम्हाला चिंता नाही. फक्त ओरडायचं नाही आणि डबे वाजवायचे नाहीत.

"आणि पाखरं?"

"पाखरं पाहुण्यांना आवडतात, काका."

पान रिंतीने तिच्याकडे निरखून पाहिलं. चेष्टा करत नव्हती ती. "या पिकाला नाही," तो म्हणाला. "माझी एक पेंढी घरात जाऊ दे. मग बघू."

दुसऱ्या दिवशी तो मुद्दामच खोपीत न बसता बांधावर उभा राहिला. थवा उतरला तशी त्याने छाती भरून हाक घातली, तरुणपणी घालायचा तशी. अगदी वरपर्यंत चढली. सगळा थवा एकदम उठला, उन्हात वळला.

आणि उत्तर आलं. समोरच्या गच्चीवर पांढऱ्या पंच्यांतलं एक जोडपं उभं होतं. दोघंही टाळ्या वाजवत होती. बाईने फोन त्याच्याकडे धरला होता आणि ती खुणेने सांगत होती, पुन्हा, पुन्हा एकदा.

पान रिंती बांधावर खाली बसला. थवा त्याच्या डोळ्यांदेखत परत उतरला. त्याने हाक घालायला तोंड उघडलं, पण आवाजच येईना. घसा बसला नव्हता. घरी जाऊन त्याने मांजराला हाकललं तेव्हा आवाज नीट आला. शेतात मात्र त्या दिवसानंतर आला नाही.

त्याने मग मेन रिंतीची ट्रंक उघडली. तिची जुनी लुगडी जोडून शेताचा पाटाकडचा एक कोपरा झाकला, जिथून पलीकडे पूर्वी तिचं माहेरचं शेत होतं. पिवळी, जांभळी, फुलांची कापडं. गच्चीवरच्यांनी त्याचेही फोटो काढले. बाकीचं शेत मनोल्यांनी महिनाभरात पोचट करून टाकलं. कोपऱ्यातलं पिकलं. बोटात धरायच्या छोट्या सुरीने एकेक लोंबी कापून त्याने दोन पेंढ्या बांधल्या. एक कोठाराच्या फळीवर बसवली. दुसरी ओसरीवर ठेवून रिंतीला फोन लावला.

"बियाणं पाठवतोय. तुझ्याकडे लाव."

"लावते. पण बाबा, तुम्हीच का येत नाही बियाणं घेऊन? इथे खोली आहे, शेत आहे."

"आणि इथल्या देवघरात दिवा कोण लावेल? तुझी आई आहे तिथे."

 रिंती एकदम फोन बाजूला धरून ओरडली, "हुऽऽर्रा हो!" बारीक, टोकदार. पाठोपाठ लांबून कोणाची तरी हाक आली, तिच्याही मागून आणखी कोणाची.

"पाखरं होती," ती म्हणाली. "बोला, बाबा. बाबा?"

"ऐकतोय," तो म्हणाला. "फोन तसाच राहू दे जरा. काम कर तू."

पुढच्या महिन्यात तो स्वतःच रेत्नोकडे गेला आणि हो म्हणून आला. ओरडायचं राहिलंच नव्हतं, तेव्हा ती अट पाळणं जड नव्हतं.

बियाणं सुलावेसीत चांगलं आलं. कापणी झाली की रिंती वर्तमानपत्रात गुंडाळून एक पेंढी पाठवते आणि ती अंगणातल्या कोठारात बसते. फळीखाली आता भात नाही. आर्दाना तिथे मोटारसायकल लावतो. पान रिंती अजून रोज उजाडताच शेतावर जातो, बांध नीट करतो, पाणी सोडतो. पाखरं येतात, खातात, जातात. घरी परतताना चौकातल्या दुकानातून तो तांदळाची पिशवी घेतो, पांढऱ्या तांदळाची, एका माणसाला पुरेल एवढी.